अर्धवट पहारेकरी

३ मार्च
सामान लागलं! शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मोठी खिडकी, खिडकीशी टेबल. उद्यापासून नव्या कामावर दातांच्या कवळ्या बनवायच्या आणि संध्याकाळी चित्रकथा काढायची. सव्वीस वर्षांनी टाक, चार निबा, एक बारीक ब्रश आणि काळ्या शाईची बाटली आणली. दुकानदाराने विचारलं, मुलांसाठी का? म्हटलं, नाही हो, या बाईसाठीच. शिंपीकाका भले वाटतात. जादा किल्ली त्यांच्याकडे असते.

५ मार्च
हात विसरलेला नाही. निब अडखळते, डाग पडतात, पण रेघेत जीव आहे. सोळाव्या वर्षी सोडलेला ढेरपोट्या पहारेकरी पुन्हा घेतला. तेव्हा तो कमरेपर्यंतच शाईत उतरला होता, पाय पेन्सिलीतच राहिले. बाबांनी वही हिसकावली आणि उभी फाडली. चित्रं काढून पोट भरतं का, म्हणाले. आज लिहितानाही कानशिलं तापली. भरलं ना पोट, बाबा. दुसऱ्यांच्या दातांवर भरलं. ते आता धाकट्या बहिणीकडे असतात. मी तिकडे फिरकत नाही.

८ मार्च
कुणीतरी माझ्या कागदाला हात लावलाय! मी हसरा पहारेकरी काढला होता. सकाळी बघते तर भुवया आवळलेल्या, दातओठ खातोय. तरातरा खाली गेले आणि शिंपीकाकांना नाही नाही ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, बाई, मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, तुमच्या चित्रात कशाला नाक खुपसू? गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. किल्ली काढून घेतली.

११ मार्च
दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. तरीही आज त्याचे पाय शाईत पूर्ण झालेत. मी ते काढलेले नाहीत.

१२ मार्च
सुट्टी. दार लावून सकाळपासून समोर बसले. भर दुपारी, डोळ्यांदेखत, बोलण्याच्या रिकाम्या फुग्यात अक्षरं उमटली: सव्वीस वर्षं अर्धा ठेवलंस.
घाबरायचं सोडून मी भडकले. सगळ्यांनी मलाच का धारेवर धरायचं? टाक आपटून ओरडले, मी नाही, बाबांनी फाडलं, त्यांना जाऊन विचार!
फुग्यात नवी अक्षरं आली: कुठे राहतात?
मी रागाच्या भरात धाकटीचा पत्ता लिहून दिला.

१३ मार्च
चौकटीत नुसती भिंत. तो नाही.

१४ मार्च
धाकटीचा फोन. म्हणाली, ताई, बाबा दाराकडे बघून सारखी माफी मागतात. कुणी जाडा माणूस येतो म्हणतात. चादरीवर काळे डाग पडलेत, धुतले तरी जात नाहीत. आणि म्हणाली, ताईला सांग माझं चुकलं, असं म्हणत होते.
सव्वीस वर्षं हेच ऐकायचं होतं मला. पण असं नाही—

१५ मार्च
परत ये म्हणून लिहितेय. शाई कागदावर ठरतच नाही, पाण्यासारखी ओघळते. धाकटीला म्हटलं, बाबांना घेऊन आत्ताच्या आत्ता निघ. तिने विचारलं, ताई, तुला झालंय तरी काय? ते उठतच नाहीत, म्हणाली.

१६ मार्च
धाकटी फोनवर नुसती रडतेय. बाबा पलंगावर नाहीत. दार आतून बंद होतं—

ते इथे आहेत. दुसऱ्या चौकटीत. पेन्सिलीत.
ढेरपोट्या शेजारी उभा, हातात खोडरबर. पावलं गेली. गुडघे गेले.
शाईत उतरवलं तर त्याला खोडता येणार नाही. शाई ठरतेय आता. सदरा झाला. हात झाले. राग गेलेला नाही, बाबा, पण हलू नका—

तो वर वळला. चेहऱ्याकडे. हनुवटी मी वाचवली. नाक, कान— डोळे खोडले त्याने. डोळेच—
कसे होते? बारीक? टपोरे? इतकी वर्षं मान वर करून बघितलंच नाही—
धाकटी फोन उचलत नाही— कपाळ जातंय— उचल गं— बाबांचे डोळे कसे—