घोडीसाठी रंध्याचा भुसा

आबा, तुम्ही असताना कुणी म्हटलं असतं की एक दिवस भुसा विकत घ्यावा लागेल, आणि तोही मिळणार नाही, तर तुम्ही त्याला वेड्यात काढलं असतंत. घोड्यांखाली अंथरायच्या भुशाला आपल्याला कधी पैसे पडलेच नाहीत. सकाळी दोन्ही घोड्यांना खरारा झाला की तुम्ही हातगाडीवर रिकामी पोती टाकायचात, वर मला बसवायचात आणि आपण वखारीत जायचो. वखारीच्या मागे सुतार बसलेले असायचे. त्यांच्या रंध्याखालून सागवानाच्या पातळ साली गोल गोल होऊन पडायच्या आणि मी त्या मनगटात बांगड्यांसारख्या घालून बसायचे. वखारवाल्याचं अंगण साफ व्हायचं, त्याच्या बागेला आपली लीद जायची, हिशेब तिथंच मिटायचा. करवतीखालचा बारीक भुसा मात्र तुम्ही फुकटसुद्धा उचलत नव्हतात. "त्यो नाकात जातोय," म्हणायचात. "घोडं खाली तोंड घालून श्वास घेतंय."

एकदा तुम्ही चहा पीत होतात आणि मी हौसेनं एक पोतं घोडीच्या पायाशी तसंच ओतलं. तुम्ही कप खाली ठेवून आलात, माझा हात धरून मला बाजूला केलंत आणि गुडघ्यावर बसून सगळा भुसा बोटांनी चाळलात. त्यातून एक वाकडा खिळा निघाला. तो माझ्या तळहातावर ठेवून तुम्ही म्हणालात, "ह्यो तिच्या खुरात गेला असता तर? तिला सांगता येतंय व्हय, कुठं दुखतंय ते?" मी दिवसभर रडले. संध्याकाळी तुम्ही कुठल्याशा मोडक्या स्पीकरचं चुंबक आणलंत, त्याला सुतळी बांधलीत आणि माझ्या हातात दिलंत. आजपासून पोती तपासायचं काम तुझं, एवढंच म्हणालात. मला वाटतं, घरातलं खरं काम मला मिळालं ते त्या दिवशी. इतर मुलींना बाहुल्या असतात, माझ्याकडे चुंबक होतं, आणि मी ते मैत्रिणींना हातही लावू देत नव्हते.

तुम्ही गेलात तेव्हा आपली जुनी घोडी गाभण होती. तिला झालेलं शिंगरू तुम्ही पाहिलं नाहीत. तीच ही घोडी, पांढरीशुभ्र झाली पुढं. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडेच गेले, त्यामुळे तबेला सुटला नाही. तुमचे जावई स्वभावानं घोड्यांचे नव्हेत, पण वरातीच्या दिवशी लगाम धरून तेच चालायचे. किती नवरदेव तिनं मांडवापर्यंत नेले, आणि त्यातला एकही पडू दिला नाही. मग डीजे आले, फुलांनी सजवलेल्या मोटारी आल्या, आणि ती म्हातारीही झाली. शेवटची काही वर्षं ती नुसतीच घरात होती, आपल्या घरातल्या एखाद्या थकल्या माणसासारखी.

भुशाचं म्हणाल तर आधी वखारवाला चहापाण्याला म्हणून काही मागू लागला. मग पोत्यावर पैसे घेऊ लागला. आता वजनावर देतात, आणि तेही उरला तर. सगळा भुसा कारखान्यात जातो. तिथं तो दाबून त्याच्या कांड्या करतात आणि बॉयलरमध्ये जाळतात. उरलेला कोंबड्यांवाले नेतात. घोड्याला भुसा लागतो हे सांगितलं की वखारीतली नवी पोरं हसतात. पावसाळ्यात तर तिच्या खाण्यापेक्षा अंथरायलाच जास्त खर्च व्हायला लागला होता.

गेल्या महिन्यात ती बसली ती उठेना. डॉक्टर आले, त्यांनी तिचे पाय हलवून पाहिले. म्हणाले, वय झालंय, आता खाली जाड आणि कोरडं अंथरा, कूस बदलत राहा, नाहीतर हाडं टेकतात तिथं जखमा होतील. आबा, हे मी आधी ऐकलं होतं. तुमची एक बाजू गेली तेव्हा मागच्या खोलीत तुमच्या उशाशी उभं राहून दुसऱ्या एका डॉक्टरांनी आईला हेच सांगितलं होतं. मी आणि आई तुम्हाला वळवायचो, खाली जुन्या वाकळांच्या घड्या सरकवायचो. मला ती खोली अजून दिसते. तुम्ही तबेल्याकडच्या भिंतीकडे पाहत पडला आहात. तोंड नीट उघडत नाही. खूप वेळ काहीतरी विचारताय आणि आम्हाला कळत नाही. आई पाणी आणते, ते नको. मग मला कळतं. तुम्ही म्हणताय, "वलं?" घोड्यांच्या खाली ओलं आहे का, ते विचारताय. मी म्हणते, न्हाय आबा, कोरडं हाय. तेव्हा कुठं तुम्ही डोळे मिटता.

मी भुसा शोधायला निघाले. राजारामपुरीतल्या फर्निचरवाल्यांकडे ढीग होता, पण तो सगळा गोंदानं चिकटवलेल्या फळ्यांचा. हातात घेतला तरी डोळे चुरचुरतात. वखारींमध्ये माल आधीच बोलून ठेवलेला. तुमचे जावई म्हणाले, उसाचा पाला टाकू की, शिवारभर पडलाय. त्यांचं चुकत नव्हतं, पण त्या पाल्याची धार तिच्या सोललेल्या कातडीला लागली असती. शेवटी कुणीतरी मलकापूरकडच्या एका गिरणीचं नाव सांगितलं, तिथं अजून खऱ्या लाकडाला रंधा लागतो म्हणून. भाड्याचा टेम्पो घेऊन रत्नागिरी रस्त्यानं गेले, तर भुसा विकला गेलेला. कुरुंदवाडकडचा एक कोंबड्यांवाला पोती भरून दोर आवळत होता.

मी त्याला म्हटलं, पावणं, निम्मी पोती मला द्या की. तो दोर न सोडता म्हणाला, "ताई, परवा माझी पिल्लं येत्यात. त्यांच्याखाली काय अंथरू?" मी घोडीचं सांगितलं. त्यानं हात थांबवले.

"उठंल का?" त्यानं विचारलं.

इतके दिवस घरात हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर बोलले नव्हते, तुमचे जावई बोलले नव्हते, मीही नाही. आम्ही सगळे तिच्या खाण्याचं आणि औषधाचं बोलत होतो.

"न्हाय उठायची," मी म्हटलं.

त्यानं आवळलेला दोर सोडला. मग आपल्या ड्रायव्हरला म्हणाला, "निम्मी उतरीव." पैसे त्यानं स्वतः दिले होते तेवढेच घेतले. पोती माझ्या टेम्पोत चढवायला स्वतः लागला आणि निघून गेला.

घरी आणून मी सगळ्या पोत्यांतून चुंबक फिरवलं. गल्लीतल्या माणसांनी तिला ताडपत्रीवर घेऊन उचललं, आम्ही खाली गुडघाभर भुसा पसरला आणि तिला दुसऱ्या कुशीवर निजवलं. तिनं भुशात नाक घातलं आणि फुर्र केलं. आठवडाभर ती शांत होती. जखमा सुकायला लागल्या होत्या. एका सकाळी माझ्या हातून तिनं थोडा गूळ खाल्ला, आणि दुपारी मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती संपली होती.

तुमच्या जावयांच्या चुलतभावाच्या रानात यंत्रानं खड्डा काढला. माती टाकायच्या आधी मी मागे वळून पाहिलं तर तुमचे जावई पाठीवर पोतं घेऊन बांधावरून येत होते. मी सांगितलं नव्हतं. उरलेली पोती त्यांनी एकेक करून आणली, तळाशी ओतली, हातानं सारखी केली आणि मगच तिला खाली सोडायला सांगितलं.

आता तबेला रिकामा आहे. झाडून काढलाय, पण वास जात नाही, आणि मी फिनेलही टाकू देत नाही. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं, ते तुम्हीच सांगा. घरात कुणाला वाचायला द्यावं, तर एक गोष्ट झाकावी लागेल. काल भाजी घेऊन येताना मी वखारीपाशी थांबले आणि भुशाचा भाव विचारला. पुन्हा वाढलाय. मी म्हटलं, फार होतंय, कमी करा. बराच वेळ आम्ही घासाघीस केली. वखारवाल्यानं विचारलं, किती पोती बांधू? मी म्हटलं, उद्या निरोप देते. घोडी गेल्याचं मी त्याला सांगितलं नाही.