जाळीच्या दारावरचं तोरण

३० सप्टें. १९९८, बुधवार, खंडेनवमी

आणलं : झेंडू दीड किलो, रु. १८. नारळ दोन, रु. १२. आंब्याचे डहाळे शेजारच्या वत्सलावहिनींच्या झाडाचे, फुकट. हळदकुंकू घरचं. कांदा हातात घेतला नि परत ठेवला. नाशकात राहून कांदा मोजून आणायचे दिवस आले.

घरच्या दाराला छोटं तोरण. ह्यांच्या पाळण्यांच्या पार्कातल्या मोटरखोलीला मोठं, चार हात. ह्यांना सांगितलं, यंदा पूजा मी येऊन करीन. तुम्ही फिटर लोक मोटरवर नारळ फोडता नि कुंकवाचा फराटा ओढता, ती काय पूजा. हसले. म्हणाले, "ये. पण मॅनेजरसाहेबांना ओवाळत बसू नकोस."

दुपारभर ओवत बसले. दोन झेंडू नि एक पान, दोन झेंडू नि एक पान. बोटं पिवळी झाली.

१ ऑक्टो., गुरुवार, दसरा

सकाळी सातला ह्यांच्या लुनावर मागे बसून पार्कात. अकरा वर्षं तिथला पगार खातो, पण ह्यांची जागा आज पाहिली. मोठी झुलती नाव, तीत एका वेळी तीसचाळीस माणसं बसतात. नावेच्या पाठीमागे जाळीची खोली, आत मोटर नि रुंद पट्टा. नाव चालवणारा पुढे बटणावर बसतो, त्याला ही खोली दिसत नाही. म्हणून कुलूप असतं. किल्ली ह्यांच्या करगोट्याला बांधल्यासारखी कायम कमरेला.

मोटर पुसली. हळदकुंकू, माळ, तेलाचा दिवा. तोरण बांधायला चौकटीला खिळा नव्हता. दारावर लाल पत्र्याचा बोर्ड आहे, 'धोका, आत येऊ नये', त्याच्या दोन खिळ्यांना बांधलं. छान भरगच्च दिसलं. मॅनेजरसाहेब आले, खोबऱ्याचा प्रसाद घेतला. "वा वहिनी, देऊळच केलंत की!"

निघताना हे कुलूप लावू लागले. मी म्हटलं, "अहो, दिवा जळतोय. जळत्या दिव्यावर दार लावू नये. विझला की लावा."

"दहाला नाव सुरू होते गं."

"तोवर विझेल."

तेल जास्त घातलं होतं, ते बोलले नाही. सणाचा दिवा जरा टिकावा असं वाटलं.

घरी येऊन घट उठवले. श्रीखंड केलं. सहा वाजून गेले, हे आले नाहीत. आपट्याची पानं ताटात तशीच. आमच्या घरी सोनं द्यायला मीच नि घ्यायला हेच, मूलबाळ नाही, त्यामुळे

२ ऑक्टो., शुक्रवार

काल वाक्य अर्धं राहिलं. वत्सलावहिनींकडे फोन आला होता.

हे आज सकाळी उजाडल्यावर आले. सिव्हिल हॉस्पिटल, मग चौकी. पाणीसुद्धा मागितलं नाही. तुटक तुटक सांगितलं.

नांदगावकडची माणसं. घरचे सगळे नावेत बसले. नवी सून, सुमन नाव, ती भ्याली. मागच्या बाजूला सावली होती तिथं जाऊन उभी राहिली. तोरण दिसलं. आत दिवा दिसला. चपला दाराबाहेर काढल्या नि आत गेली. मोटर तेव्हा थांबलेली. तिनं नमस्काराला पट्ट्यापाशी हात टेकला. पुढे घंटा झाली, बटण दाबलं.

उजव्या हाताची दोन बोटं.

मी विचारलं, "दिवा?"

"जळत होता."

एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून पडले. चपला सरळ जोडून ठेवल्या होत्या म्हणे, देवळाबाहेर ठेवतात तशा.

देवपूजा केली. काय केली ते आठवत नाही.

५ ऑक्टो., सोमवार, कोजागिरी

दूध आटवलं नाही.

पार्कात रोज नाव सुरू करायच्या आधी रजिस्टर भरतात. तेलपाणी, पट्टा, ब्रेक, आणि शेवटचा रकाना 'जाळीला कुलूप'. हे प्रत्येकापुढे सही करतात. दसऱ्याच्या दिवशी शेवटचा रकाना कोरा. दिवा विझला की कुलूप लावून मग सही करू म्हणून ठेवलेला. गर्दी लोटली, पुढे ब्रेकचं काहीतरी निघालं, तिकडे गेले.

मॅनेजर म्हणाले, आता भरून टाका. हे म्हणाले, नाही. पोलिसांपुढे सांगितलं, "दार माझ्याकडून उघडं राहिलं. कुलूप विसरलो."

हे कधी काही विसरत नाहीत. अकरा वर्षांत एकदा डबा विसरले नाहीत.

मी म्हटलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझा काय संबंध? किल्ली माझ्याकडे होती."

एक शब्द रागाचा बोलले असते तर बरं झालं असतं. शेजारी बसून जेवतात आणि घरात कोणी नसल्यासारखं वाटतं.

८ ऑक्टो., गुरुवार

काळारामाला जाते सांगून सिव्हिलला गेले. देवाला खोटं, ह्यांनाही खोटं. केळी अर्धा डझन नेली.

बायकांचा वॉर्ड. सुमन एकोणीस-वीसची असेल. हिरवा चुडा डाव्या हातात तेवढा. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. सासू खाटेखाली पथारीवर.

"तुमी कोन म्हनायच्या?"

"इथलीच. दसऱ्याला पार्कात होते."

सासू तिथूनच सुरू झाली. "पार्कवाले म्हनत्यात, बाई मुद्दाम घुसली, मशीन बघाया. आमची सून काय येडी हाय का? चक्कीसुदिक लांबून बघती ती."

सुमन हसली. म्हणाली, "जावा म्हनतील, भाकरी थापाया नको म्हनून केलं हिनं."

"गप गं."

मग सुमन मला म्हणाली, "मावशी, तोरण व्हतं वो. तोरण लावल्यालं दार म्हंजी या म्हनल्यासारखंच ना? बोर्ड काय मला दिसला नाय. दिसला असता तर वाचता येतं मला, सातवी झाली माझी." मग म्हणाली, "लय झ्याक ओवलं व्हतं. दोन झेंडू नि एक पान. आमची आई बी तसंच ओवती. मी पन."

केळी सोलून दिली तिला. दुसरं काही करता येईना. सांगेन म्हणून गेले होते, सांगितलं नाही. सासूकडून गावचा पत्ता घेतला, "कधी नांदगावला आले तर" म्हणून. सासू म्हणाली, "या ना. पाव्हण्याला आमच्याकडं नाय म्हनत नसत्यात."

१४ ऑक्टो., बुधवार

ह्यांना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत पगार बंद. पार्कानं एक कागद टाइप करून आणला होता : जाळी बंद होती, बोर्ड स्पष्ट दिसत होता, बाई स्वतःच्या जबाबदारीवर आत शिरली. सही केली तर सोमवारपासून कामावर. ह्यांनी केली नाही. कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आले, वर पेपरवेटसुद्धा ठेवला म्हणे, उडू नये म्हणून.

मला बरं वाटलं. मग मनात आलं, दिवाळी पाच दिवसांवर. मग स्वतःची लाज वाटली.

१६ ऑक्टो., शुक्रवार

हे सुरतेला गेले. जत्रेतल्या पाळण्यांचा एक मालक ओळखीचा आहे, त्याला फिटर हवा. एका पिशवीत दोन शर्ट, पाने, पक्कड, देवीचा अंगारा. स्टँडवर म्हणाले, "दुधाचं एक माप कमी कर. एकटीला कशाला."

पार्काची किल्ली गेली, तरी कंबर चाचपत होते.

२१ ऑक्टो., बुधवार, पाडवा

लग्नाला बावीस वर्षं झाली, ओवाळायला हे नाहीत असा हा पहिलाच पाडवा. निरांजन लावलं, पाटापुढे धरलं, पाट रिकामा. पाटालाच ओवाळलं. कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं.

वत्सलावहिनी दारात : "काय हो, दिवाळीत तोरण नाही? सोयर का सुतक?"

"झेंडू महाग झालाय."

"इश्श. माझ्याकडचे न्यायचे. तुमच्यासारखं ओवतं कोण गल्लीत!"

पानं देऊन गेल्या. वाळली.

कुकर एका माणसाला मोठा पडतो. सकाळचा भात संध्याकाळी, संध्याकाळचा सकाळी. जप एकशे आठ होत नाही. पन्नास-साठला मणी कुठला ते विसरते नि चपला दिसतात, जोडून ठेवलेल्या.

२८ ऑक्टो., बुधवार

सुरतेहून कार्ड. 'मी खुशाल. पाळणा जुना आहे. भोवती दोरी बांधून घेतली. मालक हसतो. प्रकृतीस जपणे.' एवढंच. चार वेळा वाचलं. मागच्या बाजूला पत्ता आहे, तोही वाचला.

३ नोव्हें., मंगळवार

मॅनेजरसाहेब घरी आले. मिठाईचा पुडा घेऊन. कॉटवर बसले, ह्यांच्या जागेवर.

"वहिनी, हे हट्टी आहेत, तुम्ही मॅट्रिक झालेल्या, समजूतदार. नांदगाववाल्यांनी भरपाईसाठी वकील लावलाय. सकाळी तुम्ही तिथं होतात. फक्त एवढं लिहून द्या की बोर्ड होता. साहेबांना मी सांगतो, एक तारखेपासून ह्यांना परत घेऊ."

"बोर्ड होता," मी म्हटलं.

"मग झालं की. खोटं कुठे आहे त्यात?"

कागद वाचला. 'होता' नव्हतं लिहिलेलं. 'स्पष्ट दिसत होता' असं होतं.

मी म्हटलं, "तोरण बोर्डावर होतं. तुम्ही पाहिलंत. प्रसाद घेतलात. देऊळच केलंत म्हणालात."

चहा खाली ठेवला. मग आवाज हळू केला. "वहिनी, पोलीस काय तोरणाला पकडणार आहेत? तुम्ही हे बोललात तर किल्लीवाल्यालाच पकडतील. विसरणं वेगळं, जाणूनबुजून उघडं ठेवणं वेगळं. विचार करा. ती बाई काय, गावी गेलीय. चार दिवसांत विसरेल."

"बोटं विसरतात का?"

उठले. "चहा छान होता," म्हणाले. कागद ठेवून गेले, पुडाही. पुडा उघडला नाही, वत्सलावहिनींना दिला.

विचार केला तर त्यांचं एक खरं आहे. मी बोलले तर पहिला मार ह्यांना. नाही बोलले तर सुमन कायमची 'घुसलेली बाई'. आणि बोर्डवाले, बटणवाले, प्रसादवाले सगळे मोकळे. मीसुद्धा.

४ नोव्हें., बुधवार

दुपारी वत्सलावहिनींनी हाक मारली, ह्यांचा एसटीडीवरून फोन. सगळं सांगितलं.

म्हणाले, "सही करू नकोस."

"आणि खरं सांगू?"

"तेही नको. दोन्ही नको. तू गप्प राहा."

"तुम्ही बरे गप्प राहता."

तिकडे मागे जत्रेचा कर्णा वाजत होता. मी म्हटलं, "तुम्हाला धरलं तर?"

"मी फिटर आहे. मला पाळणे सगळीकडे मिळतील. तू कोर्टात उभी..." इथं फोन तुटला. पैसे संपले की त्यांनी ठेवला, कळलं नाही.

वत्सलावहिनी भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही त्यांनी. नंतर म्हणाल्या, "बसा हो जरा. घरी जाऊन काय करणार आहात?" बसले. एक जुडी मेथी निवडून दिली.

६ नोव्हें., शुक्रवार

आज दिव्यात तेल मोजून घातलं. विझेपर्यंत समोर बसले. मग उठून पत्र लिहिलं. ह्यांना विचारलेलं नाही. बावीस वर्षांत न विचारता केलेलं हे पहिलंच मोठं काम. ह्यांना वेगळं कार्ड टाकलं आहे, सगळं कळवून. मॅनेजरचा कागद सहीशिवाय पाकिटात घालून पार्काच्या पत्त्यावर परत.

सुमनच्या पत्राची नक्कल इथं ठेवते, पुढे मीच नाकबूल होऊ नये म्हणून.

'चि. सौ. सुमन हिस अनेक आशीर्वाद. दवाखान्यात केळी घेऊन आले होते ती मावशी मी. तेव्हा नाव सांगितलं नाही. नावेच्या मोटरीची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची मी बायको. तोरण मी ओवलं होतं. दुसरीकडे खिळा नव्हता म्हणून धोक्याच्या बोर्डावर मीच बांधलं. बोर्ड पुरा झाकला गेला होता. हे कुलूप लावत होते, दिवा जळतोय म्हणून मीच नको म्हटलं. तू घुसली नाहीस. दार उघडं होतं आणि तुला बोलावल्यासारखंच होतं. तुझ्या वकिलांना हे पत्र दाखव. हे मी कोर्टातल्या साहेबांपुढे तोंडानेही सांगायला तयार आहे. फक्त वकिलांनी लिहावं की ह्यांनी दार माझ्या सांगण्यावरून उघडं ठेवलं, त्यांना एकट्याला धरू नये. पण तशी अट घालत नाही. माझं तोंड बघायची तुझी नि सासूबाईंची इच्छा नसेल तर तेही योग्यच आहे. टाके निघाले का, राहिलेली बोटं वळतात का, तारीख कधी नि कुठे आहे, मी यावं की नाही, ते कळवावे. सोबत तिकीट लावून माझा पत्ता घातलेलं पाकीट आहे. लिहून द्यायला कोणी नसेल तर डाव्या हाताने एकच अक्षर लिहिलंस तरी मला पुरे, ये किंवा नको. पण उलट टपाली कळव.'

साडेतीनच्या टपालात टाकलं.