शेजाऱ्याच्या पेल्यात पाणी

आई, सुतार टेबल मोजून गेला. तुझं ते लांब टेबल, दारापासून पार मोरीपर्यंत जाणारं. कुठं कुठं कापायचं त्या रेघा त्यानं खडूनं मारून ठेवल्यात. सकाळपासून त्या रेघा मला बघवत नाहीत, आणि फडकं घेऊन पुसायचंही धाडस होत नाही. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू गेला. मसूर निवडायला घेतला तो सुपात तसाच पडलाय. दुपारची गर्दी ओसरली, मोरीपाशी भांडी वाजतायत, आणि मी उगाच दारापर्यंत जाते, परत येते. टेबलाला हात लागला की ते डुगडुगतं. दाराकडचा पाय पहिल्यापासून आखूड, तू पुठ्ठ्याची घडी करून खाली सरकवायचीस. ती घडी सुतारानं मोजताना काढली आणि परत घातलीच नाही. तुला अक्षर यायचं ते सहीपुरतं, आणि तुला मी पत्र लिहायला बसलेय. हसशील तू.

आधी गल्लीचं सांगते. तुझ्या वेळी आपल्या खानावळीत मार्केट यार्डातले हमाल यायचे, जतकडचे, सीमेपलीकडचे कानडी बोलणारे, आणि हळदीच्या वखारीतले कारकून. आता फौंड्रीत बिहार-ओडिशाची पोरं आहेत, बंगल्यांवर नेपाळी वॉचमन आहेत, कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरमध्ये मणिपूरच्या मुली आहेत. अख्खा मसूर सगळ्यांना आवडतो. एक वॉचमन तर भाकरी कुस्करून खायला असा शिकलाय की बघत राहावं. नियम मी तुझेच ठेवले होते. येईल त्यानं पुढची रिकामी जागा धरायची, जागा निवडायची नाही. आणि आपल्या पेल्यात आपण पाणी ओतायचं नाही, पाण्याचा जग उचलायचा तो शेजाऱ्यासाठी. नवीन माणूस बिचारा कोरड्या घशानं बसून राहायचा, मग तू तव्यावरून ओरडायचीस, "आवं, त्येनला पानी घाला की! का मीच उठू आता?" कोरेगावहून लग्न होऊन तू सांगलीत आलीस तेव्हा या गल्लीत तुला पहिल्यांदा पाणी विचारलं ते एका कानडी बाईनं. ती काय बोलते ते तुला कळलं नव्हतं, पण तांब्या कळला होता. हे तू इतक्यांदा सांगितलंस की मी कंटाळायचे. आता सांगणारं कुणी नाही तर मीच गिऱ्हाइकांना सांगते, आणि ती कंटाळतात.

तर झालं असं. गेल्या महिन्यात पार्लरमधली एक मुलगी एकटीच जेवायला आली. पुढची रिकामी जागा पतपेढीतल्या साहेबांशेजारी होती, तिथं ती बसली. साहेब रोजचे, स्वभावानं तसे वाईट नाहीत. त्यांनी ताट उचललं आणि गल्ल्याशी येऊन म्हणाले, "आमाला तिकडं कोपऱ्यात द्या की. हे चायनीज शेजारी कशाला बसवता?" आवाज हळू होता, पण तिला ऐकू जाऊ नये एवढा नव्हता. मुलीला मराठी येत नसेल, तरी तो एक शब्द तिला येतो. रस्त्यानं जाताना ती रोज तोच ऐकते. मी काही बोलायच्या आत तुझ्या नातवानं कोपऱ्यात चौकोनी टेबल टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी कोपरा मागितला. आता तिथं चार टेबलं झालीत. आपली माणसं कोपऱ्यात, बाहेरची लांब टेबलावर. आपली आणि बाहेरची, हे शब्द माझ्याही हातून लिहून झाले बघ. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. नुसती ताटं सरकत गेली.

तुझा नातू म्हणतो, "आई, आता असं पंगतीगत कोण बसतंय गं? हायवेला नवीन हॉटेल झालंय, लोकांना आपापलं टेबल लागतंय. हे कापलं तर सहा टेबलं निघत्यात. कुनाला नको म्हणायला नको, भांडान न्हाई, काय न्हाई." त्याचंही खोटं नाही. गिऱ्हाईक तुटलं तर खानावळ राहत नाही, आणि खानावळ राहिली नाही तर टेबल घेऊन मी काय करू? पण टेबल कापलं की मग इथं जेवण मिळेल, दुसरं काही मिळणार नाही, हेही मला दिसतंय. हे त्याला समजावता येत नाही.

तुला तो रोलरवाला आठवतो का? यल्लापूरकडचा सिद्दी, मूळ आफ्रिकेतले पण पिढ्यानपिढ्या कर्नाटकातलेच झालेले ते लोक. रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. काळाभोर, दाट कुरळे केस, आणि गल्लीतली पोरं त्याच्याशी मोडकं इंग्रजी बोलायची, कुठल्या देशाहून आलास म्हणून. तो हसून कानडीत काहीतरी सांगायचा. पहिल्यांदा आला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं आहे. तू तव्याशी बसलीयस, हात पिठाचे. मी भाकऱ्या नेऊन वाढतेय. तो बसतो तसा शेजारचा वखारीतला कारकून उठतो, ताट हातात घेऊन उभा राहतो. तू बघतेस. मला वाटतं, आता ही ओरडणार. तेवढ्यात तो रोलरवालाच, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, तुला विचारतो, "अव्वा, ऊट आतेन? जेवलीस काय तू?" खानावळ घातल्यापासून तुला हे कुणी विचारलं नव्हतं. मग तव्यावरची भाकरी उतरवलीस, जाळ ओढून घेतलास, हात धुतलेस आणि कारकुनाच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलीस. "न्हाई रं बाबा जेवली," म्हणालीस. "घाल पानी." भर दुपार, सगळ्यांच्या ताटात आमटी वाढलेली, आणि भाकरी करणारी जेवायला बसलेली. "भाकरी?" कुणीतरी विचारलं. "माझं जेवान झाल्यावर," तू म्हणालीस, आणि इतकी सावकाश जेवलीस की मला हसू आवरेना. सगळं टेबल थांबलं. कारकून उभाच. शेवटी हात पुसत तू उठलीस आणि त्याला म्हणालीस, "बसा आता. जागा ऊन करून ठिवलीया." तो बसला. रोलरवाल्यानं त्याच्या पेल्यात पाणी ओतलं, आणि त्यानं ते प्यायलं.

मला वाटलं, आपणही तसंच करावं. परवा भर दुपारी मी ताट वाढून घेतलं आणि पार्लरमधल्या मुलीशेजारी जाऊन बसले. तिनं मला पाणी ओतून दिलं, "लो आंटी" म्हणाली. आई, इतकी वर्षं मी ही खानावळ चालवते, आत स्वयंपाकघरात उभ्यानं दोन घास खाते. त्या टेबलावर मी कधी बसलेच नव्हते. माझ्या पेल्यात पाणी ओतणारं तुझ्यानंतर कुणी नव्हतं, हे तो पेला भरताना कळलं. पण कोपऱ्यातल्या लोकांच्या ते गावीही नाही. आता भाकऱ्या आत दोन बाया करतात. मी बसले तरी तवा चालूच, वाढणं चालूच. मालकीण जेवतेय, एवढंच.

मग काल मी आत गेले आणि त्या दोघींना म्हटलं, चला, जेवायला बसा. "आत्ता? आवं, भाईर गिऱ्हाईक हाय की!" थोरली म्हणाली. म्हटलं, म्हणूनच. गॅस बंद केला. त्या दोघी लाजत लाजत लांब टेबलाला बसल्या, फौंड्रीतल्या एका पोरानं गडबडीनं जग उचलला. कोपऱ्यातून "भाकरी! भाकरी आणा!" सुरू झालं. तुझा नातू आत जाऊन गार तवा बघून आला. पतपेढीतले साहेब म्हणाले, "काय चाललंय काय?" मी म्हटलं, "जेवतोय. या की, हितं जागा हाय." बोलताना माझा आवाज कापत होता, तुझा कधी कापला नव्हता. साहेबांनी हात धुतले आणि निघून गेले. आज ते आलेले नाहीत. बाकीचे थांबले, भाकरी आल्यावर कोपऱ्यातच जेवले. एकच म्हातारे मास्तर ताट घेऊन उठले. तुझ्या हातचं जेवलेले आहेत ते. पार्लरमधल्या मुलीशेजारी बसले आणि पाण्याचा जग उचलून तिचा पेला भरला. "मला इसरच पडला हुता गं," असं माझ्याकडं बघून म्हणाले. तिनं त्यांचा पेला भरला. एवढंच झालं. तुझ्या वेळेसारखं सगळं टेबल काही वळलं नाही.

तुझा नातू कालपासून माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी त्यानं ठरल्याप्रमाणं सुताराला बोलावलं. मोजताना मी तिथंच उभी होते. सगळ्यांना सांगत सुटलेय की मी सुताराला परत पाठवलं. आई, ते खरं नाही. 'नको' हा शब्द तोंडातून निघालाच नाही. 'सोमवारी बघू' एवढंच म्हणाले. तू असतीस तर त्याला चहा पाजून दारातनंच वाटेला लावलं असतंस.

टेबल अजून डुगडुगतंय, लिहिताना अक्षर हलतंय. पुठ्ठा कुठं सापडत नाही, आणि संध्याकाळची माणसं येतील एवढ्यात. हे सगळे कागद मिळून चांगली जाड घडी होईल. ती दाराकडच्या पायाखाली घालते. सोमवारी सुतार आला तर करवत लावायच्या आधी त्याला वाकून ही घडी काढावी लागेल, आणि तेव्हा मी समोर उभी असेन.