बिल्किसचं पातेलं

गुरुवार, १० जानेवारी १९५७

एस्तेर रविवारी जेवायला येतेय. विचारलं नाही, कळवलं. बरोबर तिचा भाऊ, भावजय आणि भावजयीची आई. आज सकाळी सॉसेजेसची माळ घेऊन दारात उभी. गोव्याची हद्द बंद, तरी हिला मिळाली. कुठून ते विचारू नकोस म्हणाली. मी विचारलं. सांगितलं नाही.

एस्तेर आणि मी बोर्डिंगात असताना दर रविवारी सिस्टर आग्नेस हंडी करायच्या. वाघ्या घेवडा, भात आणि डुकराच्या मांसाची ही सॉसेजेस, सगळं एकाच भांड्यात. भांडी कमी घासावी लागतात म्हणून. एस्तेर म्हणाली, "सुमन, तुला जमेल? तू तर अंडं उकडायला ठेवून चर्चला जायचीस."

मी म्हणाले, "माझ्या हातची खाल्लीत तर सिस्टरना विसराल."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे. आधी विचार करा, मग बोला — छत्तीस वर्षं मुलींना शिकवलं. शिकवणं निराळं.

घरातलं सर्वांत मोठं भांडं एका माणसाच्या भाताचं आहे. तेही पोचा आलेलं.

शुक्रवार, ११ जानेवारी

भिंतीपलीकडच्या बिल्किसकडून पातेलं आणलं.

पेन्शन घेऊन चिंचवडात घर बांधलं तेव्हा एस्तेर म्हणाली होती, "एक स्टेशन आणि चार शेतं. तिथे बोलशील कुणाशी?" बिल्किसशी बोलते. माणसं मूळची रत्नागिरीकडची. नवरा करीम मुंबई रस्त्यावर ट्रक दुरुस्त करतो. मूलबाळ नाही. दोन वर्षं झाली, रोज चार वाजता ती चहा घेऊन भिंतीशी येते. मी सरकार, दूधवाली, नव्या कारखान्याचा भोंगा आणि फादरचं प्रवचन यांना क्रमानं झोडपते. ती ऐकते. मग म्हणते, "बास, बाई. चहा निवला." मला गप्प बसवणारं दुसरं कुणी आजवर भेटलेलं नाही. हेडमिस्ट्रेसनं प्रयत्न केला होता. तिची बदली झाली.

पातेलं तांब्याचं. तिच्या लग्नातलं. आत नवीकोरी कल्हई, काठावर कोरलेलं — बिल्किस करीम, १९३८.

"वीस माणसांचं हाय. एवढं काय करताव?"

"पुलाव," मी म्हटलं. लपवायचं असं काही मनात नव्हतं. मनात फक्त एस्तेर होती.

मग तिनं विचारलं, "बाई, मुंबईहून आफ्रिकेला बोट किती दिवसांत पोचते?" मला भूगोलातलं काही विचारावं आणि मी थोडक्यात सांगावं, असं कधी झालेलं नाही. मोसमी वारे सांगितले. अरबांची गलबतं सांगितली. भिंतीवर खडूनं नकाशा काढून मोंबासावर टिंब दिलं. "तिथं थंडी असते?" म्हणाली. विषुववृत्ताजवळ कसली थंडी! समाधान झालेलं दिसलं. अशी जिज्ञासू मुलगी मला वर्गात एकही मिळाली नाही.

रविवार, १३ जानेवारी

हंडी झाली!

सॉसेजेस कापून टाकली, त्यांची लाल चरबी सुटली, तिच्यात कांदा, मग रात्रभर भिजवलेला घेवडा. तो शिजायला इतका वेळ लागला की मी त्याच्याशी बोलायला लागले. शेवटी आंबेमोहोर. झाकणावर निखारे. तळाला लागलं, पण करपल्याचा वास मसाल्याचा म्हणून खपला. भावजयीच्या आईनं तीनदा घेतलं. एस्तेर म्हणाली, "सिस्टरची नाही. पण चांगली झालीय." एस्तेरच्या तोंडून हे म्हणजे पदकच. मी इतकी फुगले की पाहुण्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले.

संध्याकाळी पातेलं घेऊन दगडावर बसले. राख, नारळाची शेंडी. काठावरची लाल चरबी निघता निघेना. घासता घासता राखेतून अक्षरं वर आली.

बिल्किस.

शेंडी हातातच राहिली. डुक्कर. मी बिल्किसच्या लग्नाच्या पातेल्यात डुक्कर शिजवलं.

जगात कुठल्या धर्माची माणसं कुठे किती, मला देशवार पाठ आहे. भिंतीपलीकडची दोन तेवढी मोजायची राहिली.

आधी एस्तेरला शिव्या दिल्या. मग सिस्टरना. मग पोर्तुगीजांना, पार वास्को द गामापर्यंत गेले. काही उपयोग झाला नाही. पातेलं तिथेच होतं.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. काळेवाडीची अंबूबाई दुधाबरोबर तिळगूळ देऊन गेली. "गोड बोला, बाई. यंदा तरी."

थोड्या वेळानं भिंतीवरून बिल्किस. "बाई, पातेलं झालं का?"

"तळाला लागलंय. भिजत घातलंय."

"द्या इकडं, मी घासते."

"नको!"

इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातला कप हिंदकळला. संक्रांतीच्या दिवशी. गोड.

बुधवार, १६ जानेवारी

चार वाजता खिडकी लावून पलंगावर पडले. दारावर टकटक. "बाई? बाई, वाईच बोलायचं हाय." मी डोकं दुखत असल्याचं सोंग घेऊन कपाळाला पट्टी बांधून पडून राहिले. बघायला कुणी नव्हतं, तरी पट्टी ओली केली. कॉन्व्हेंटचं वळण. करायचं ते नीट.

चहा स्वतः केला. घाण झाला.

शनिवार, १९ जानेवारी

गल्लीत नूरमोहम्मद आला होता. कल्हई करतो, भांड्यांवर नावंही कोरतो. पातेलं त्याच्याकडे न्यायची सोय नाही, बघताक्षणी ओळखेल. म्हणून पितळी डाव घेऊन गेले. त्याचा भाता चालला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं — एखाद्या मुसलमान बाईच्या भांड्यात कुणी चुकून डुकराचं मांस शिजवलं, तर ते भांडं कायमचं बाद का?

"बाद कशानं? सात पाण्यानं धुवायचं. त्यातलं एक मातीचं. कोकणवाल्यांत तर असंच." मग वर बघून म्हणाला, "कुणाचं भांडं, बाई?"

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. पुण्याच्या. त्यांनी केलं. फार मूर्ख बाई आहेत."

"मूर्ख नसतील. घाईत असतील." डाव निखाऱ्यावर धरून म्हणाला, "बिल्किसबींचं पातेलं तुमच्याकडं हाय ना? झालं की लवकर द्या म्हणावं, म्हणाल्या होत्या."

म्हणजे आता कल्हईवाल्याकडूनही तगादा.

घरी येऊन सात पाणी घालायला बसले. तिसऱ्याला उठले. गुपचूप धुतलेलं भांडं परत द्यायचं आणि वर हसायचं? कळलं तिला कधीच नसतं. मला दर चहाला कळत राहिलं असतं.

मंगळवार, २२ जानेवारी

अंबूबाई म्हणाली, "बिल्किसबी पातेल्याचं पुन्यांदा इचारत हुती. तुमी तिच्यासंगं बोलत का न्हाई?"

"बोलते की."

"कुठं बोलता? दार लावून बसता. तिच्या घरी निस्ती बांधाबांध चाललीया."

घराला चुना काढत असतील. आणि एवढ्या गडबडीत हिला पातेलं सुचतंय! दोन वर्षांचा शेजार, आणि एका भांड्यासाठी माणूस घरोघर निरोप ठेवतं. मला राग आला. चक्क तिचा. चूक आपली असली की राग किती तयार मिळतो.

गुरुवार, २४ जानेवारी

पुण्याला गेले. तांबट आळीत अगदी तसंच पातेलं सापडलं. तोच घेर, तेच कान. दुकानदार म्हणाला, "नाव काय घालू?"

मी तोंड उघडलं. बिल्किस करीम, १९३८ — जिभेवर आलं होतं. नवं पातेलं, त्यावर एकोणीस वर्षांपूर्वीचं साल. साठ वर्षांची मी, पेन्शनीत निघालेली, बनावट पातेलं करायला बसले होते. त्यासाठी रिटर्न तिकीट काढून आले होते!

"काही नको," म्हटलं आणि बाहेर पडले. तो मागून म्हणाला, "बाई, नावाशिवाय भांडं हरवतं."

उद्या सांगणार. तिनं बोलणं टाकलं तर टाकलं. या गावात मला बोलायला ती एकच आहे, हे मला ठाऊक आहे.

शुक्रवार, २५ जानेवारी

चार वाजता पातेलं घेऊन भिंतीशी उभी राहिले. ती चहा घेऊन आलीच. इतके दिवस ती रोज येत होती का? विचारलं नाही. काल पुण्याहून परतताना पाच-सहा छान वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"बिल्किस, मी तुझ्या पातेल्यात डुक्कर शिजवलं."

तिनं कप खाली ठेवला. तोंडावर हात ठेवला. पायरीवर बसली. पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्याच्यापायी तोंड लपवून बसलाव? मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं."

मी म्हटलं, "बिल्किस, हे पातेलं तुझ्या लग्नातलं—"

"ठावं हाय कोणाच्या लग्नातलं. चला, माती काढा. सात पाणी घालू."

मी शेवग्याखालची माती आणली. दोघी दगडावर बसलो. पहिलं पाणी मातीचं. दुसऱ्याला ती म्हणाली, "कसं लागतं ते?" मी म्हटलं, "वातड." ती हसली. तिसऱ्याला हात न थांबवता म्हणाली, "चारदा आले सांगायला. परवा आमी जाताव. यांच्या भावाचं गॅरेज हाय, मोंबासात."

मी भिंतीकडे पाहिलं. खडूचा नकाशा तसाच होता. टिंबसुद्धा.

चौथं पाणी फार वेळ चाललं. पाचव्याला तिनं विचारलं, तिथं मासे मिळतील ना? मी म्हटलं, मिळतील. थोडक्यात. सहाव्याला ती पाणी ओतत राहिली, मी काठावरची अक्षरं चोळत राहिले. सातवं झालं तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मी म्हटलं, "आठवं घालू या का?"

"सातच असतात, बाई."

पातेलं पदरानं पुसून घेऊन गेली. न्यायलाच हवं. लग्नातलं आहे.

रविवार, २७ जानेवारी

गेली. करीमच्या दोस्ताच्या ट्रकमधून, मुंबईला. बोट परवा सुटते. करीम म्हणाला, "बाई, जपून राहा." ट्रक हलल्यावर तिनं हातानं चहाची खूण केली.

सोमवार, २८ जानेवारी

चार वाजता चहा केला. निवला.

शनिवार, २ फेब्रुवारी

नूरमोहम्मद दारात. डोक्यावर पातेलं. काठावर तिच्या नावाखाली नवी अक्षरं — सुमनताई, चिंचवड, १९५७.

"बिल्किसबींनी गेल्या महिन्यातच कल्हई करून घेतली होती, जाताना तुमाला द्यायचं म्हणून. नाव तेवढं राहिलं. पातेलं तुमच्याकडनं सुटेना. मग जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं देऊन गेल्या."

पातेलं माझंच व्हायचं होतं. माझ्या भांड्यात मी काय वाटेल ते शिजवीन.

मग ती सात पाणी कशाला घालत बसली?