न बसवलेला रेझिस्टर

गोडादरा, सुरत
१७ नोव्हेंबर १९९६

चि. गजेंद्र यास दाजींचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी ताई माझ्याशी कामापुरतं बोलते.

दोन वर्षांत मी हाताने केलेलं सांगतो : तीन बूस्टर, सिग्नल मोजायचं एक मीटर आणि केबलच्या एकशे चाळीस स्प्लिटर डब्या. कुठल्याही कोर्सला न जाता. त्या डब्या खांबांवर चढून तू बसवल्यास, पण आत काय असतं हे मी तुला कधी सांगितलं नाही.

येणारी तार आत दोन वाटांना फुटते. प्रत्येक वाटेवर तांब्याच्या तारेची कॉइल, खिळ्यावर मोजून सहा वेढे. कॉइलच्या दोन्ही टोकांना एकेक कपॅसिटर, त्याचा दुसरा पाय डबीच्या पत्र्याला. हे जुळलं की सिग्नल दोन घरांना निम्मा निम्मा जातो. शिवाय छापील आकृतीत दोन घरांच्या टोकांमध्ये दीडशे ओहमचा एक रेझिस्टर असतो. दोन्ही टीव्ही जोडलेले असताना त्यातून काहीच जात नाही. मी टेबलावर दोन टीव्ही लावले, रेझिस्टर काढला, चित्र तसंच राहिलं. म्हटलं, आकृती छापणाऱ्यांपेक्षा मला जास्त कळतं. एकाही डबीत तो घातला नाही.

मे महिन्यात तक्रारी आल्या. चित्राशेजारी दुसरं फिकट चित्र, तेही लूमची पाळी बदलल्यावरच. केबलचे मालक योगराजशेठ यांच्या ऑफिसात, गिऱ्हाइकांसमोर, मी म्हणालो की पोराने जोडलेले तारांचे सांधे कच्चे आहेत. तू एवढंच म्हणालास, "दाजी, एक डबी उघडून पाहू." मी म्हणालो, "माझी डबी उघडायची तुझी लायकी नाही." दुसऱ्या दिवशी तू अमळनेरची गाडी धरलीस.

परवा तुझ्या ताईने बाहेर जाताना टीव्हीमागची केबलची पिन उपसली. भिंतीपलीकडून उषाबाई ओरडल्या, "रंजना, पिन लाव गं, तुझी निघाली की माझ्याकडे एकाची दोन माणसं होतात."

इथे लूमवर जाताना सगळेच पिन उपसतात. उघड्या टोकावरून सिग्नल मागे फिरतो. तो रेझिस्टर असता तर शेजारच्या वाटेत शिरण्याआधीच त्याने जिरवला असता. आमच्या दोन घरांच्या डबीत मी दीडशे ओहमचा जोडला, पिन चार वेळा काढली, लावली. उषाबाईंचं चित्र हललं नाही.

तुझे सांधे पक्के होते. सगळे. माफीचा शब्द दोनदा लिहून खोडला, तिसऱ्यांदा राहू देतो : माफ कर. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय सांगता? त्याला लिहा."

हे लिहिण्याआधी शेठकडे जाऊन खरं सांगितलं. तो हसला. भेस्तानला नवी लाइन टाकतोय. दोनशे डब्या, रेझिस्टर घालून, सगळं काम मला. अट एकच, जुना दोष तुझ्या सांध्यांचाच राहू द्यायचा. मी नाही म्हणालो. तो देत होता बावीस हजार रुपये.

तुझा दाजी, अजून म्हणत असशील तर,
छगन