वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी

४ मार्च, बुधवार

विक्रमचा मेसेज. लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करत होते तेव्हा आला. ‘पुण्याची नोकरी चांगली आहे. हो म्हण.’

पुण्याबद्दल मी कोणालाच सांगितलेलं नाही! काल खोलीवर लॅपटॉपवर जाहिरात वाचली, एवढंच. आईला नाही, मोनालीला नाही. कोणालाच नाही.

एका पेशंटच्या साखरेचा आकडा चुकला. सुधारला. मग सगळा रिपोर्ट पुन्हा वाचला.

५ मार्च

खोली उलटीपालटी केली. पंख्याच्या वाटीत पाहिलं, बल्बच्या होल्डरमध्ये, गादीखाली. कॅमेरा कसा दिसतो हे तरी मला कुठे माहीत आहे?

घरमालकीण अंजनाबाई दारात येऊन उभ्या. “काय हरवलं वं जया?” कानातलं, म्हणाले. त्यांच्याजवळ खोलीची दुसरी किल्ली आहे. त्याच सांगत असतील का त्याला? नवऱ्याला सोडून खापरखेड्याहून एका पिशवीनिशी आले, तेव्हा याच बाईनं काही न विचारता ताट वाढलं होतं. आणि मी त्यांच्यावर संशय घेऊन बसले!

खापरखेड्याच्या कॉलनीत राहत होतो तेव्हाही तो हेच करायचा. शेजारणीशी बोललेलं त्याला कळायचं, मग शेजारीण नकोशी व्हायची. मग दुसरी.

७ मार्च

काल घटस्फोटासाठी वकीलबाईंना मेल लिहायला घेतला. त्यानं तीनदा हात उचलला ते सगळं. अर्ध्यात थांबले. पाठवलासुद्धा नाही!

आज सकाळी मेसेज — ‘तीनदा नाही. दोनदाच.’

८ मार्च, रविवार

पाणी घेऊन मोरीत बसले आणि अंगावर घ्यायचंच विसरले. शेवटी मोनालीकडे गेले आणि सांगून टाकलं. ती माझ्यासोबत लॅबमध्ये असते, मशीन सांभाळते. रडेन असं वाटलं होतं. रडले नाही, दात वाजत होते.

“घर नाही पाहून राहिला तो,” ती म्हणाली. “तुया लॅपटॉप पाहून राहिला.”

“लॅपटॉप तर माझ्याजवळच असतो.”

“पण सुरू कोणं करून देला होता तुले?”

त्यानंच. लग्नानंतर. अकाउंट त्यानं उघडलं, पासवर्ड त्यानं ठेवला. ‘तुला नाही जमणार’ म्हणाला होता. मला तेव्हा ते प्रेम वाटलं.

मोनाली म्हणे, खोटं लिहून पाह. मेलमध्ये लिहून ठेवलं — शनिवारी दुपारी जरीपटक्याच्या बाजारात खोली पाहायची आहे, कपड्याच्या लाइनीत. पाठवलं कोणालाच नाही.

१४ मार्च, शनिवार

होता.

ऊन रखरखीत, म्हणून मोनाली आणि मी ओढणीनं तोंड गच्च बांधून गेलो. सगळ्याच बायका तशा होत्या. कपड्याच्या लाइनीच्या तोंडाशी गाडी लावून संत्रं सोलत उभा. प्रत्येक बाईच्या चालीकडे पाहत. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले — जणू सोयरिकीला आलाय.

आम्हाला त्याच्या पुढूनच जावं लागलं. मोनालीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. “पलटू नको,” एवढंच पुटपुटली. संत्र्याचा वास आला मला, इतक्या जवळून गेलो. ओळखलं नाही त्यानं. की ओळखलं?

घरी येऊन ओढणी धुवायला टाकली.

१५ मार्च

मोनालीनं ब्राउझर उघडला. कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं, रोज दिसतं, कधी दाबलं नव्हतं. आत तीन एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम. एक मराठी टायपिंगचं, मीच घेतलेलं. एक कूपनचं — कधी आलं, आठवत नाही. तिसऱ्याचं नाव इतकं साधं की नजर त्यावर ठरतच नाही. ते मी घेतलेलं नाही. तो त्याच्या कंप्युटरवर माझ्याच अकाउंटनं शिरून बसला आहे, तिकडे टाकलं की इकडे आपोआप येतं — असं मोनालीनं शोधून काढलं.

परवानगी काय, तर ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे.’

बदलणे! मी कधी कधी लॅबचे रिपोर्ट घरून याच लॅपटॉपवर भरते. लोकांची रक्तं, लोकांची नावं. त्यांनी तर माझ्या नवऱ्याला काही परवानगी दिली नव्हती.

मी काढून टाकायला गेले. मोनालीनं हात धरला. “थांब. उद्या आधी पोलिसांत जाऊ.”

१६ मार्च

सायबर पोलिसांकडे. वैदेही मॅडम म्हणून आहेत, कमी बोलतात. “काढलं नाही ना? बरं केलं. काढलं की त्याले लगेच समजते. चिडला तं कुठे येईल तो?” माझ्या घरी, म्हणाले. “मग त्या दिवशी घरी राहू नका.”

त्यांनी पडद्याचे फोटो घेतले, तक्रार लिहून घेतली. पासवर्ड या लॅपटॉपवरून बदलायचा नाही, म्हणाल्या — नवा पण वाचेल तो.

लॅबच्या डॉक्टरांनाही सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. त्यांनी दुपारभर माझ्यासोबत बसून सगळे रिपोर्ट मशीनशी पडताळले. एकही बदललेला नाही. मी जिन्यात जाऊन बसले थोडा वेळ.

१८ मार्च

झालं. मोनालीच्या घरी. तिच्या फोनवरून पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं, आता शिरताना माझ्या फोनवर आकडा येईल. मग ते तिसरं काढलं. कूपनचंही काढलं. टायपिंगचं ठेवलं, पण ‘सगळ्या साइटवर’ होतं ते ‘क्लिक केल्यावरच’ केलं. इतकं सोपं होतं! कोणी सांगितलंच नव्हतं.

आता त्याला कळलं असेल.

१९ मार्च

मेसेज नाही.

२२ मार्च

नाही. मेसेज यायचे तेव्हा निदान तो कुठे आहे ते कळत होतं. रस्त्यावर गाडी थांबली की मी दिवा घालवते. लॅब ते खोली, मोनाली सोडायला येते. एरवी फिरायला जायचे त्या सक्करदऱ्याच्या तलावाकडे पाय वळत नाहीत. आज दूध आणायलाही गेले नाही.

२७ मार्च

अनोळखी नंबर. उचलू नये, उचलला. पोरीचा आवाज, अगदी हळू — “तुमी जयाताई का? मी वेदिका. विक्रमसोबत माह्यं लग्न ठरलं. तुमचा फारकतनामा झाला, म्हणाले ते.” अजून झालेला नाही, म्हणाले. “त्याइच्या कंप्युटरवर दोन नावं दिसली, ताई. एक तुमचं, नंबर तिथूनच घेतला. तुमच्या नावाखाली आता काही येत नाही. दुसरं माह्यं आहे.”

“तू कुठे आहेस?” मी चप्पल घालतच विचारलं. “मी येते.”