फ्रीजरमधल्या दोन बाटल्या

चिमणे,

उठल्या उठल्या तोंड फुगवू नकोस, आधी फ्रीजर उघड. आत जॅमच्या दोन बाटल्या आहेत. एकीत माझं जाड वीस-पन्नास इंजिन ऑइल, दुसरीत तुझं पातळ पाच-चाळीस. दोन्ही आडव्या करून बघ. तुझं लगेच धावतं. माझं मात्र जावयासारखं बसून राहतं, हलायचं नावच घेत नाही.

गॅरेजात तेवीस वर्षं मी ऑइल दोन बोटांत चोळूनच पारखलं. पण बोटं उबदार असतात गं! गार इंजिनात काय होतं ते त्यांना काय कळणार? झिजलेल्या जुन्या गाड्यांना माझं जाड ऑइल मानवायचं. तुझ्या शर्यतीच्या इंजिनातल्या फटी केसाएवढ्या. चालू करताक्षणी ऑइल वरपर्यंत पोचायला हवं. गाडीच्या पुस्तकातही तेच लिहिलंय. वाचलं मी, चष्मा लावून.

म्हणून सोमवारी तुला न विचारता ओतलेलं माझं ऑइल आज पहाटे सगळं काढलं, फिल्टर बदलला आणि तुझं भरलं. पातळी दोनदा बघितली. इंजिन असं काही गुरगुरलं की मी एकटीच पाना हातात घेऊन नाचले.

आता शर्यतीला न जायला तुला निमित्त उरलं नाही. मी कठड्याजवळची जागा धरायला पुढे जाते. पाच दिवसांच्या अबोल्यानंतर ‘तुझंच बरोबर होतं’ हे मी तिथून ओरडून सांगणार आहे. तेवढा वेळ इंजिन बंद करू नकोस. दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नको.

– आत्या